गोल्डफिशचा आजार: दुकानदाराचा पक्ष, ईटीपीवाल्याचा पक्ष

फॅन्सी गोल्डफिश हा निसर्गाने घडवलेला मासा नाही. चीनमध्ये हजारएक वर्षांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळात, तळ्यांमधले लाल-सोनेरी मासे वेगळे काढून जोपासले जाऊ लागले. पुढे चीन आणि जपानमध्ये त्यांतूनच ओरांडा, रंचू, रियुकिन, ब्लॅक मूर, पर्लस्केल या जाती तयार झाल्या. अंग आखूड आणि गोल झाले, शेपूट दुहेरी झाली, रंचूच्या पाठीवरचा पर नाहीसा झाला. आतडे, मूत्रपिंड आणि दोन कप्प्यांचे वाताशय मात्र त्याच आखूड पोटात दाटीवाटीने राहिले. या माशाला जठर नसते. अन्न सरळ आतड्यात उतरते, म्हणून तो सतत खातो आणि सतत घाण करतो. त्याच्या निम्म्या आजारांचे मूळ या शरीररचनेत आहे आणि उरलेल्यांचे बहुधा पाण्यात.

निदानातली पहिली अडचण अशी की कारणे पुष्कळ आणि लक्षणे मोजकी. तळाशी बसून राहणे, पर मिटून घेणे, वर येऊन तोंड मारणे, अंग घासणे, खाणे सोडणे ही पाच लक्षणे अमोनियाच्या विषबाधेत दिसतात, कल्ल्यांतल्या कृमींमध्ये दिसतात आणि विषाणूच्या साथीतही दिसतात. आधी काय करायचे यावर म्हणूनच दोन तट पडतात. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात दोन्ही तटांना आपापले वकील सापडतात. एक मत्स्यालयाचा दुकानदार, जो लक्षण ऐकून बाटली देतो. दुसरा कारखान्यातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावरचा, म्हणजे ईटीपीवरचा रसायनज्ञ, जो पाणी तपासल्याशिवाय बोलत नाही. पुढचा संवाद या दोन भूमिकांचा आहे, कोणा दोन व्यक्तींचा नाही.

दुकानदार: साहेब, गिऱ्हाईक जनरल शिफ्ट सुटल्यावर येतं. मोबाईलवर फोटो दाखवतं, म्हणतं मासा खाली बसलाय, काहीतरी द्या. मी म्हटलं आधी पाणी तपासून या, तर ते शेजारच्या दुकानात जाणार. आणि मासा तोवर थांबतोय होय?

ईटीपीवाला: काका, फोटोत अमोनिया दिसत नाही. थेंबांच्या किटनं तपासायला दहा मिनिटं लागतात.

या मुद्द्यावर ईटीपीवाल्याची बाजू भक्कम आहे. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो: अमोनियम, जो तुलनेने निरुपद्रवी असतो, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणते रूप किती, हे सामू आणि तापमान ठरवतात. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू 8 झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. किटवर लिटरला 1 मिलिग्रॅम हा आकडा दोन्ही टाक्यांत सारखाच दिसेल, पण विष एकीत दुसरीच्या जवळजवळ दहापट असेल. गोल्डफिशच्या टाकीत मुक्त अमोनिया लिटरला 0.02 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. कारखान्याने नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी केंद्रीय नियमांतली सर्वसाधारण मर्यादा मुक्त अमोनियाला 5 मिलिग्रॅम आहे. ईटीपीवाल्याच्या रोजच्या कागदावर जे पाणी ‘पास’ होते, त्यात रंचू जगणार नाही.

दुकानदाराकडे मात्र अनुभवाचे एक निरीक्षण आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही.

दुकानदार: तुम्ही म्हणता पाणी बदला. मी वीस वर्षं बघतोय, जुन्या टाकीचं सगळं पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी मासा मेलेला. म्हणून तर लोक बदलायला घाबरतात.

ईटीपीवाला: बघितलंत ते खरं आहे. नवीन पाणी बोअरचं होतं का?

दुकानदार: मोशीत, चाकणला दुसरं काय असतं? बोअर, नाहीतर टँकर.

ईटीपीवाला: मग बरोबर. जुनं पाणी आंबट झालेलं असतं. त्यात अमोनिया भरपूर, पण अमोनियमच्या रूपात दबलेला. वरून सामू आठचं बोअरचं पाणी ओतलं की तोच अमोनिया एका तासात मोकळा होतो. मासा पाणी बदलल्यानं मरत नाही, इतके दिवस न बदलल्यानं मरतो.

गाळणीतले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात पाण्यातली अल्कता खर्च होते. नायट्रोजनच्या दर 1 मिलिग्रॅममागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे 7 मिलिग्रॅम. ती संपली की सामू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. अशी टाकी एका दमात स्वच्छ करू नये. रोज पंधरा-वीस टक्के पाणी बदलत, सामू मोजत, आठवडाभरात ती रुळावर आणावी. बोअरचे पाणी म्हणून वाईट असते असे नाही. दख्खनच्या बेसाल्टमधून येणाऱ्या पाण्याचा कठीणपणा गोल्डफिशला मानवतो, फक्त बदल अचानक नको.

महापालिकेच्या पाण्याचे दुखणे वेगळे. पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होते, आणि नोव्हेंबर 2019 पासून शहराला दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. माणसासाठी तो आवश्यक, कल्ल्यांसाठी घातक. पाणी येण्याच्या दिवशी थेट नळाखाली बादली भरली तर क्लोरीन जास्त मिळतो. सोसायटीच्या टाकीत दीड दिवस राहिलेल्या पाण्यात कमी. त्यामुळे ‘आमच्याकडे तसंच पाणी घालतात, काही होत नाही’ हे वाक्य एका घरात खरे आणि शेजारच्या घरात खोटे ठरते. सोसायटीने ब्लीचिंग पावडरने टाकी धुतली त्या दिवशी तर ते सगळ्याच घरांत खोटे. उपाय स्वस्त आहे: सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओतला हायपो, क्लोरीनच्या वजनाच्या सातपट.

आजाऱ्याचा इतिहास विचारताना या भागात आणखी दोन प्रश्न विचारावेत. गुरुवारी वीज गेली होती का? औद्योगिक सुट्टीचा वार असल्याने देखभालीचे काम बहुधा त्या दिवशी निघते. तीन-चार तास बंद राहिलेल्या बंदिस्त गाळणीतले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात आणि वीज आल्यावर ते कुजके पाणी टाकीत येते. दुसरा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांतला: पाणी कुठून घेतले? गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते. 20 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. फॅन्सी गोल्डफिशला 18 ते 23 अंश मानवतात. उन्हाळ्यात वर येऊन तोंड मारणाऱ्या माशाला औषधाच्या आधी दुसरा एअरपंप आणि पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा हवा.

पाण्याचे उत्तर मिळाल्यावर माशाच्या अंगाकडे वळावे. इथे पारडे फिरते, कारण हजारो मासे हाताखालून गेलेल्या डोळ्याला तोड नाही.

ईटीपीवाला: काका, या ओरांडाला पांढरे दाणे आलेत. व्हाइट स्पॉट, मिठाएवढे, नेमके पुस्तकात लिहितात तसे.

दुकानदार: कुठं आलेत? कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेलाच ना? शेपटीवर एक तरी आहे का?

ईटीपीवाला: शेपटीवर नाही.

दुकानदार: मग नर आहे तो, साहेब. हंगामात आलाय. दोन दिवसांनी माद्यांच्या मागं धावेल. त्याला औषध घालाल तर उगाच आजारी पाडाल.

ओरांडाच्या टोपीवर वाढीच्या काळात येणारे पांढुरके ठिपकेही असेच फसवतात. अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना काळी पडते. तो नवा रोग नव्हे, बरे होण्याची खूण आहे. परांवरच्या लाल शिरा मात्र दुर्लक्षू नयेत. अंगावर हिरवट, चपटी, सरकणारी उवेसारखी आर्गुलस दिसली किंवा खवल्यातून दोऱ्यासारखी लर्निया लोंबली, तर निदानाला आणखी काही लागत नाही. तोंडाभोवती कापसासारखे दिसणारे सगळे ‘फंगस’ नसते. बऱ्याचदा तो कॉलम्नॅरिस हा जिवाणू असतो. तो बुरशीपेक्षा कितीतरी वेगाने पसरतो आणि उबदार पाण्यात दोन दिवसांत मासा नेतो.

डोळ्याला जे दिसत नाही त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. विद्यार्थ्यांचा साधा चालतो. माशाला ओल्या हाताने धरून, कल्ल्यामागून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने काचपट्टीची कड हलकेच फिरवायची. जो चिकट थर येतो त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकून झाकणकाच ठेवायची आणि पाच-दहा मिनिटांत बघायचे, कारण मेलेला परजीवी हलत नाही आणि न हलणारा ओळखता येत नाही. 40 ते 100 पट मोठे केल्यावर व्हाइट स्पॉटचा परजीवी संथ गोल फिरताना दिसतो. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक असते. गायरोडॅक्टायलस ही अंगावरची कृमी पिल्ले देते, तिच्या आत पुढची पिढी दिसते. डॅक्टायलोगायरस कल्ल्यांत राहते, तिला चार डोळ्यांचे ठिपके असतात आणि ती अंडी घालते. कॉस्टिया फार लहान; तिला 400 पट लागते.

ईटीपीवाल्याची नजर इथे अनपेक्षितपणे कामी येते. केंद्रातल्या गाळाचे आरोग्य पाहताना तो देठावर डोलणारी व्हॉर्टिसेला रोज पाहतो. तिचीच नातलग एपिस्टायलिस सेंद्रिय घाण वाढलेल्या टाकीत माशाच्या अंगावर झुपक्यांनी बसते आणि वरून हुबेहूब व्हाइट स्पॉट वाटते.

आता औषध.

दुकानदार: सगळ्यात आधी निळं औषध. नाहीतर टेट्रासायक्लिन. आमच्या धंद्यात याच दोन बाटल्यांवर भरवसा.

ईटीपीवाला: निळं म्हणजे मेथिलिन ब्लू. ते मोठ्या टाकीत ओतलं की गाळणीतले जिवाणू मारतं. आजार एक होता, अमोनिया धरून दोन झाले. आणि टेट्रासायक्लिन चाकणच्या बोअरच्या पाण्यात? कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून बसतात. पाणी पिवळं होतं, मासा काही बरा होत नाही.

दुकानदार: पण पुष्कळ मासे बरे होतात त्यानं.

ईटीपीवाला: कारण तुम्ही बाटलीबरोबर सांगता, अर्धं पाणी बदला, चारा बंद ठेवा.

हा टोला लागतो, पण पूर्ण न्याय्य नाही. मेथिलिन ब्लू वेगळ्या भांड्यात, गाळणीशिवाय, अंड्यांवरच्या बुरशीला आणि नायट्राइटने बाधलेल्या माशाला उपयोगी पडते. प्रतिजैविकांबाबत मात्र दुकानदाराला माघार घ्यावी लागते. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून पाण्यातले औषध रक्तात फारसे पोचत नाही. आतल्या संसर्गाला प्रतिजैविक चाऱ्यातून किंवा पशुवैद्यकाने दिलेल्या इंजेक्शनातून जावे लागते. चारा सोडलेल्या माशाला इंजेक्शनच.

दोघांचे एकमत होते ते मिठावर. माशाच्या रक्तातले क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पाणी सतत अंगात शिरत राहते आणि मूत्रपिंड ते उपसत राहते. त्वचा किंवा कल्ले जखमी झाले की उपसा वाढतो. पाण्यात मीठ घातल्याने तो भार हलका होतो. लिटरला 1 ग्रॅम मीठ नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. 3 ग्रॅमला बरेच एकपेशीय परजीवी टिकत नाहीत. मात्र ‘दोन फुटी टाकीला एक मूठ’ हे प्रमाण नव्हे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लिटर मावतात. दहा इंच भरली तर 47, तळाचे खडे वजा जाता 42 च्या आसपास. लिटरला 3 ग्रॅमच्या हिशेबाने सव्वाशे ग्रॅम खडे मीठ, तेही दीड-दोन दिवसांत तीन हप्त्यांनी, बाहेर विरघळवून. मीठ उडून जात नाही. पाणी बदलले तर बदललेल्या पाण्यापुरतेच पुन्हा घालावे.

व्हाइट स्पॉटमध्ये औषध लागू पडते ते फक्त पाण्यात मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. अंगावरच्या दाण्यांना नाही आणि तळाशी फुटणाऱ्या गाठींनाही नाही. 25 अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत फिरते, थंडीत काही आठवडे लांबते. दाणे गेले म्हणून तिसऱ्या दिवशी उपचार थांबवणारे घर पंधरवड्यात पुन्हा दुकानात येते. तापमान वाढवून चक्र लवकर संपवण्याची रीत उष्ण प्रदेशातल्या माशांसाठीची आहे. गोल्डफिशला ती थंडीत जपून लावावी, एअरपंप वाढवून. मे महिन्यात चाकणच्या खोलीतले पाणी आपणच तिशीला टेकलेले असते, आणि त्या तापमानाला हा परजीवी फारसा वाढत नाही. त्याचा हंगाम पहिल्या पावसाचा आणि थंडीच्या सुरुवातीचा.

कृमींपाशी ‘पाणी सुधारा’ हा पक्ष उघडा पडतो. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सामू स्थिर आणि तरीही मासा घासतोय, एक कल्ला मिटून श्वास घेतोय, तर पाणी बदलून डॅक्टायलोगायरस जात नाही. तिला प्राझिक्वांटेल लागते, लिटरला 2 ते 5 मिलिग्रॅम. ते अंड्यांवर चालत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा आणि बहुधा तिसऱ्यांदाही. पोटॅशियम परमँगनेट, लिटरला 2 मिलिग्रॅम, चार तास, हे दुकानदाराचे जुने हत्यार बाहेरच्या परजीवींवर चालते. पण पाण्यात घाण असेल तर ते तासाभरातच तपकिरी होऊन निकामी होते, आणि वजन अंदाजाने घेतले तर कल्ले जाळते. चिमूटभर हे माप इथे चालत नाही, खिशातला काटा लागतो. दोन औषधे एकत्र तर कधीच नकोत.

उलटा तरंगणारा मासा हा दुकानात सर्वांत जास्त विचारला जाणारा रुग्ण. दुकानदार दोन-तीन दिवस उपास आणि मग सोललेला उकडलेला मटार सांगतो. ईटीपीवाला त्याला हसतो, पण सल्ला निरुपयोगी नाही: आतड्यात वायू किंवा कोंडलेला चारा असेल तर उतार पडतो. तरंगता चारा गिळताना हवाही जाते, म्हणून बुडणाऱ्या गोळ्या भिजवून द्याव्यात. मात्र पर्लस्केल किंवा आखूड रियुकिनचे वाताशयच वाकडे वाढलेले असेल, त्यात पाणी भरले असेल किंवा फुगलेल्या मूत्रपिंडाने ते सरकले असेल, तर मटाराने काही होत नाही. हा फरक एक्स-रेवर दिसतो. पोट एकाच बाजूने फुगले तर मूत्रपिंडातल्या परजीवीचा संशय घ्यावा. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले की तो ड्रॉप्सी. ते आजाराचे नाव नव्हे, मूत्रपिंड हरल्याची खूण. तिथे उपचार सुरू करावेत, आशा बेताची ठेवावी.

दुकानदार: आणि नवीन खेप आली, थंडी पडली, चार दिवसांत अर्धी टाकी साफ. अंगावर एक डाग नाही. त्याला काय म्हणाल? पाणी तर तुम्हीच तपासलंत.

ईटीपीवाला: कल्ले कसे होते?

दुकानदार: पांढरे पडलेले. रक्तच नसल्यासारखे.

हे वर्णन गोल्डफिशच्या हर्पिस विषाणूशी, सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-2 शी जुळते. तो जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला गेला. भारतातल्या गोल्डफिशमध्येही त्याची नोंद झाली आहे. तो रक्त तयार करणारे मूत्रपिंड आणि प्लीहा नासवतो आणि 15 ते 25 अंशांत जोर धरतो, म्हणजे नेमका या भागातल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. त्याला औषध नाही. पाणी 27 अंशांच्या वर नेल्यास मृत्यू कमी होतात, पण वाचलेला मासा वाहक राहू शकतो. खात्री पीसीआर तपासणीनेच होते. त्यासाठी मेलेल्यापेक्षा मरणाच्या दारातला मासा उपयोगाचा. मेलेला असेल तर बर्फावर, गोठवून नव्हे, काही तासांत पोचवावा. गोल्डफिश पाहणारा पशुवैद्यक शहरात विरळा. अशा वेळी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था इथे नमुना कसा आणि कोणाला द्यायचा, याची विचारणा करणे हाच मार्ग उरतो. नवीन मासा चार आठवडे वेगळा ठेवण्याचे मोल इथे कळते, आणि दुकानदाराला ते परवडत नाही हेही खरे.

बरा न होणारा मासा पवनेत किंवा इंद्रायणीत सोडणे ही दया नव्हे. त्याचे परजीवी नदीतल्या माशांना लागतात. लवंगेच्या तेलाच्या जास्त मात्रेत, आधी गुंगी आणून, त्याला शांतपणे संपवता येते. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान अर्धा तास त्याला त्याच पाण्यात राहू द्यावे. टाकीत हात घालताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण माशांतला मायकोबॅक्टेरियम माणसाच्या त्वचेत गाठी करतो. टाकी, जाळी आणि नळ्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात ठेवून मग थायोसल्फेटने धुवाव्यात.

दुकानदार: मग नवीन मासा कधी द्यायचा? लोक दुसऱ्याच दिवशी येतात.

ईटीपीवाला: रिकाम्या टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया घाला. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की द्या.

दुकानदार: त्याला महिना-दीड महिना जाईल, थंडीत जास्तच. माझ्याकडं चालू गाळणीचा स्पंज आहे, तो पिळून घातला तर आठवड्यात होईल.

ईटीपीवाला: कुठल्या टाकीतला स्पंज? विक्रीच्या असेल तर नको. चार आठवडे वेगळ्या ठेवलेल्या माशांच्या टाकीतला असेल तर आजच द्या.